चाळिशी उतरवता येते काय?

माणसाच्या डोळ्यांचा हिशेब आपल्या मराठी भाषेने फार सरळपणे मांडून ठेवला आहे. जवळचे अक्षर दिसेनासे झाले म्हणजे नाकावर जी वस्तू येऊन बसते, तिला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. वयाचे नाव तेच आणि चष्म्याचेही तेच. आमच्या बडोद्यात शेजारचे गुजराती गृहस्थ याच प्रकाराला ‘बेताळां’ म्हणतात. त्यात बेचाळिसाचा आकडा आहे. म्हणजे मराठी माणसाला चाळिसाव्या वर्षी जे भोगावे लागते, त्यात गुजराती शेजाऱ्याला दोन वर्षांची सवलत! मला ही सवलत मिळाली, किंबहुना जरा जास्तच मिळाली. पंचेचाळिशी उलटेपर्यंत मी चष्म्यावाचून वाचीत होतो आणि त्याचा थोडा तोराही मिरवीत होतो. तो तोरा माझ्या वर्गातल्या बारा वर्षांच्या एका मुलीने उतरवला.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात पेटीचे साथीदार होते. १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ते तेथे लागले. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा त्यांची दरबारची चाकरी जेमतेम तीन वर्षांची झाली होती; पण त्या तीन वर्षांची शिदोरी त्यांना जन्मभर पुरली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, म्हणूनच आज सेहेचाळिसाव्या वर्षी मला स्वतःला दरबारी वादकाचा मुलगा म्हणवून घेता येते. अण्णांनी मागे ठेवलेल्या मिळकतीत एक पेटी, सूर लावण्याच्या कानशींची एक डबी आणि एक वही आहे. बैठकींत कानावर पडलेल्या चिजा घरी येऊन ते या वहीत उतरवून ठेवीत. अक्षर मुंगीएवढे, कागदाची टंचाई हे त्याचे एक कारण आणि त्यांचे त्या वेळचे तरणे डोळे हे दुसरे.

स्वरलेखनाचे संस्कार या शहरावर जुने आहेत. १८८६ साली मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा काढली, ती स्वतःची स्वरलेखनपद्धती घेऊनच. पुढे भातखंडे यांची पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि अण्णांची वहीही तिच्यातच आहे. या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली एक आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असते, मंद्रातल्या स्वराच्या पायाशी टिंब आणि तारातल्या स्वराच्या माथ्यावर टिंब. म्हणजे गाण्याचा सारा अर्थ अक्षरात नसून अक्षराच्या आसपासच्या धुळीएवढ्या खुणांत असतो.

त्या दिवशी मी या वहीतली जयजयवंतीची एक बंदिश सांगत होतो. ज्या जागी अण्णांनी कोमल गंधार लिहिला होता तेथे मी शुद्ध गंधार सांगून गेलो. जयजयवंतीत दोन्ही गंधार चालतात, त्यामुळे कानाने तक्रार केली नाही. मुलींनीही तसेच उचलले. तीन आवर्तने झाल्यावर वहीत डोकावलेली एक मुलगी भीत भीत म्हणाली, “सर, खाली रेघ आहे.” मी वही जवळ घेतली, मग लांब धरली, मग खिडकीशी नेली. रेघ होती. गेल्या वर्षभरात अशा किती रेघा मी गिळल्या असतील आणि किती मुली चुकीचे गंधार घेऊन घरी गेल्या असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

चष्मा घेतला, हे सांगावयास नकोच. पण चष्म्याने वहीचा प्रश्न सुटला आणि वर्गाचा निर्माण झाला. वहीवरून नजर उचलावी तो समोरच्या मुलांचे चेहरे पाण्यात पडल्यासारखे. चष्मा काढावा, घालावा, पुन्हा काढावा. तासाभराच्या शिकवणीत ही कसरत पन्नास वेळा. त्यातच एका स्नेह्यांनी सांगितले, “हल्ली याचेही ऑपरेशन निघाले आहे. एका दिवसात चाळिशी उतरते.” मी चौकशीस लागलो. त्या चौकशीत जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा उद्देश. कारण आमच्या जुन्या मराठी घरांत आज असे एकही घर नसेल जेथे कोणाचा ना कोणाचा डोळा या दारात उभा नाही.

प्रथम हा दोष होतो कसा, ते पाहू. याचा खुलासा ज्या पुरुषाने केला त्याचे नाव संगीताच्या अभ्यासकांना परके नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स याने १८६३ साली स्वर आणि कान यांच्यावर लिहिलेला ग्रंथ श्रुतींच्या चर्चेत अजूनही निघतो. त्याच हेल्महोल्ट्सने त्याआधी, १८५१ साली, डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले होते आणि १८५५ साली जवळचे पाहताना डोळा काय करतो याची उपपत्ती मांडली होती. डोळ्याच्या बाहुलीमागे मसुराच्या दाण्याच्या आकाराचे एक पारदर्शक भिंग असते. त्याभोवती स्नायूचे एक कडे असते आणि कड्यापासून भिंगापर्यंत बारीक तंतू ताणलेले असतात. दूर पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले राहतात आणि भिंग चपटे होते. जवळ पाहताना स्नायू आवळतो, कडे लहान होते, तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्याच लवचिकपणाने फुगते. फुगलेले भिंग जवळचे दाखवते.

लहान मुलाचे भिंग इतके मऊ असते की दहा वर्षांचा मुलगा सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर वाचू शकतो. परंतु या भिंगात जन्मभर नवे नवे थर चढत राहतात आणि ते हळूहळू ताठर होत जाते. चाळिशीत वाचनाची ती हद्द वीस-पंचवीस सेंटिमीटरवर जाते, पन्नाशीत चाळिसाच्या आसपास, आणि साठीनंतर भिंग जवळजवळ हलेनासेच होते. स्नायूचे काम मात्र बरेचसे चालूच असते. वादक तयार बसलेला आहे, वाद्यच ताठरले आहे, असा हा प्रकार. हा रोग नव्हे आणि यातून कोणी सुटत नाही. लहानपणापासून दूरचे न दिसणाऱ्या माणसाला चाळिशी येत नाही असा एक समज आहे, तोही खरा नाही. त्यालाही ती येते; फक्त आपला चष्मा काढून ठेवला की त्याला जवळचे वाचता येते, एवढेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. खरा इलाज म्हणजे ताठरलेले भिंग पुन्हा मऊ करणे. असे करणारी शस्त्रक्रिया आज चालू व्यवहारात नाही. ज्या आहेत त्या सगळ्या या भिंगाला वळसा घालून जाणाऱ्या वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर काही ना काही जकात द्यावी लागते.

पहिली वाट डोळ्याच्या दर्शनी काचेची. हिला वैद्यकाच्या मराठीत पारपटल म्हणतात. डोळ्याच्या एकूण शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश शक्ती या पारपटलाची असते आणि त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसरच्या साहाय्याने त्याचा काही भाग अत्यंत सूक्ष्म प्रमाणात उडवून त्याचा उंचवटा बदलता येतो. लॅसिक नावाची शस्त्रक्रिया ती हीच. तरुण मुलेमुली लांबचा चष्मा घालवण्यासाठी ती करून घेतात. चाळिशीसाठी तीच वापरताना बहुधा एक युक्ती करतात: ज्या डोळ्याचा आपल्याला पाहताना जास्त भरवसा असतो तो दूरच्यासाठी ठेवावयाचा आणि दुसरा थोडा जवळच्यासाठी बसवावयाचा. मेंदू ज्या वेळी जो उपयोगी त्या डोळ्याचे ऐकतो. दुसरी तऱ्हा अशी की एकाच पारपटलावर वेगवेगळे उतार घडवावयाचे, म्हणजे मधल्या भागातून एक अंतर दिसावे आणि कडेच्या भागातून दुसरे.

हे समजून घेताना मला अण्णांची कानशींची डबी आठवली. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक जीभ. पालिताण्याचे सूर आणून अण्णा ते घरी लावीत. जिभेच्या टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. सूर फार चढला तर मुळाशी घासून तो खाली आणता येतो, पण गेलेले पितळ काही परत येत नाही. जीभ तेवढी बारीक झालीच. म्हणून अण्णा आधी दहा वेळा ऐकत आणि मग एकदा कानस लावीत. पारपटलाचेही तसेच आहे. लेसरने उडवलेला कण परत बसवता येत नाही. शिवाय आतले भिंग आणखी ताठर होण्याचे थांबत नाही, त्यामुळे आज पंचेचाळिसाव्या वर्षी बसवलेला हिशेब पंचावन्नाव्या वर्षी पुरेलच असे नाही.

पारपटलाला लेसरने न कापता बारीक सुईतून ऊब देऊन आकसवण्याची एक पद्धत अमेरिकेत २००४ साली या कामासाठी मान्य झाली होती. तिचा परिणाम काही काळाने ओसरू लागे, त्यामुळे ती मागे पडली. त्यानंतर पारपटलाच्या आत एक लहानशी चकती ठेवण्याची कल्पना आली. यांतली एक चकती २०१५ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती ३.८ मिलिमीटर रुंदीची काळी टिकली असून तिच्या मध्यभागी १.६ मिलिमीटरचे भोक होते. कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले तर चष्म्यावाचूनही अक्षर स्पष्ट दिसते, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. तेच तत्त्व येथे. दुसरी एक पारदर्शक चकती २०१६ साली मंजूर झाली. पण पुढे अनेक डोळ्यांत पारपटलावर धुके येऊ लागले आणि २०१८ साली ती बाजारातून परत बोलवावी लागली. चकत्यांचा तो उत्साह आता ओसरला आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिरा देऊन किंवा त्यात लहान तुकडे बसवून स्नायूला जागा करून देण्याचेही प्रयत्न झाले. त्यांनाही भरवशाचे यश आले नाही. हा इतिहास मुद्दाम सांगितला. ‘नवे निघाले आहे’ हे शब्द कानावर आले म्हणजे आपण हुरळतो; डोळ्याच्या बाबतीत नव्याला चार वर्षे जुने होऊ द्यावे हे बरे.

औषधी थेंबांचाही गवगवा मध्यंतरी झाला. पायलोकार्पिन या जुन्याच औषधाचे सौम्य थेंब २०२१ साली अमेरिकेत चाळिशीसाठी मान्य झाले. ते बाहुली आकसवतात, म्हणजे पुन्हा टाचणीच्या भोकाचाच न्याय. परिणाम काही तासांचा. काहींचे डोके दुखते आणि अंधुक उजेडात दिसणे कमी होते. २०२४ साली आपल्या देशातही असे थेंब मंजूर झाल्याची बातमी गाजली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, केलेल्या दाव्यांवरून, ती मंजुरी स्थगितही झाली. असो. हा शस्त्रक्रियेचा विषय नव्हे.

दुसरी मोठी वाट म्हणजे ताठरलेले भिंगच काढून टाकावयाचे आणि कृत्रिम भिंग बसवावयाचे. ही क्रिया आपल्या ओळखीची आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणतात ते हेच. भिंग गढूळ होण्याआधी, केवळ चष्मा घालवण्यासाठी ते केले, तर शस्त्रक्रिया तीच पण हेतू निराळा. आपल्या देशाचा या बाबतीतला वारसा मोठा आहे. सुश्रुतसंहितेत गढुळलेल्या भिंगाला शलाकेने बाजूला सारण्याची क्रिया सांगितली आहे. पण सारलेल्या भिंगाच्या जागी काही बसवण्याचे धैर्य प्रथम केले ते लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी, १९४९ च्या नोव्हेंबरात. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळे ते सहन करतात, हे त्यांनी पाहिले होते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी घडवले. १९६७ साली अमेरिकेत केलमन यांनी ध्वनीच्या अतिजलद कंपनांनी भिंग फोडून बारीक छेदातून शोषून घेण्याची पद्धत आणली. ऐकू न येणाऱ्या त्या कंपनांवरच आज लाखो म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड मिळतो आहे, हे वाचून माझ्यासारख्या स्वरांच्या माणसाला बरे वाटले.

आता गोम अशी की साधे कृत्रिम भिंग फुगत नाही. ते एकाच अंतरावर बसवलेले असते. फुगणाऱ्या किंवा पुढेमागे सरकणाऱ्या भिंगाची खटपट झाली. तसे एक भिंग २००३ साली अमेरिकेत मान्यही झाले. पण त्याची हालचाल इतकी अल्प की तारुण्यातल्या डोळ्याची सर त्याला आली नाही. म्हणून मग प्रकाशाची वाटणी करणारी भिंगे आली. यांच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म वर्तुळे कोरलेली असतात. डोळ्यात येणारा उजेड ती दूर, मधले आणि जवळचे अशा दोन किंवा तीन अंतरांत वाटून देतात. जवळच्याची थोडी अपेक्षा सोडून दूरपासून मधल्या अंतरापर्यंत सलग दिसावे अशीही भिंगे आहेत. पुष्कळ लोक ती बसवून घेऊन चष्म्यावाचून सुखात वावरतात, हे खरे आहे.

पण वाटणी ती वाटणीच. पेटी आणि तंबोरा जवळ ठेवून ऐकणाऱ्याला ही गोष्ट चटकन कळेल. खर्जाची तार नीट लागली म्हणजे तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो. का? तर पेटीला बाराही पट्ट्यांतून वाजावयाचे असते, म्हणून प्रत्येक सुराकडून थोडे थोडे काढून घेऊन सर्वांना सारखी वाटणी केलेली असते. कोठेच फार बेसूर नाही आणि तंबोऱ्याइतका सुरेलही कोठे नाही. बहुअंतरी भिंग म्हणजे डोळ्यातली पेटी. सर्व अंतरे चालतील. पण प्रत्येक अंतराच्या वाट्याचा उजेड कमी, काळ्या-पांढऱ्यातला उठाव थोडा मंद, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत त्या कड्यांकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. काहींचा शिकत नाही. ज्यांचे दृष्टिपटल किंवा पारपटल आधीच दुबळे आहे त्यांना ही भिंगे सहसा देत नाहीत. शिवाय डोळ्याच्या आत शिरणे आले म्हणजे जंतुसंसर्गाची, क्वचित का होईना, भीती आलीच. आणि तरुण वयात, विशेषतः मोठा लांबचा नंबर असणाऱ्याचे भिंग काढले तर पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो.

माझ्या घरातली एक हकीगत येथे सांगितली पाहिजे. २००१ साली, एकाहत्तराव्या वर्षी, अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती निर्वेध पार पडली. डॉक्टरांच्या हाताला नावे ठेवण्यास जागा नव्हती. भिंगे दूरच्यासाठी बसवली होती, जशी बहुधा सर्वांना बसवतात. पट्टी सुटल्यावर अण्णांना रावपुऱ्याच्या टॉवरचे घड्याळ लांबून दिसू लागले आणि आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांनी त्यांनी कानशींची डबी उघडली. सूर घासताना ते पितळ डोळ्यांपासून टीचभर अंतरावर धरीत असत. तेथे आता नुसता पिवळा धूर होता. चष्मा आणला, मग दुसरा जास्त शक्तीचा आणला. काम जमले, पण पहिल्यासारखे नाही. चष्म्यातून हाताचा अंदाज चुके आणि दोन चांगले सूर वाया गेले. डबी मिटली ती मिटलीच. २००९ साली ते गेले. एकदा सहज बोलता बोलता ते मला म्हणाले होते, “अरे, त्यांनी मला सगळे विचारले. साखर विचारली, दाब विचारला, औषधे विचारली. तुम्ही पाहता कोठे, हे मात्र कोणी विचारले नाही. आणि मलाही सांगायचे सुचले नाही.”

या शेवटच्या वाक्याने मला फार दिवस टोचले आहे. कारण दोष कोणा एकाचा नव्हता. जन्मभर टीचभर अंतरावर जगलेला माणूस, आपण कोठे जगतो हे सांगावयास विसरला.

म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांसाठी गेलो तो तयारीने गेलो. ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या लहानपणी अण्णांकडे दोन वर्षे पेटी शिकलेल्या. मला अजून दादा म्हणतात. मी आदल्या दिवशी वर्गात मोजपट्टी घेऊन बसलो होतो. सूर घासताना पितळ बावीस सेंटिमीटरवर. पेटीवर ठेवलेली वही पंचावन्नवर. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याची बोटे साधारण एक मीटर. मागच्या रांगेतला चेहरा साडेचार मीटर. आणि रात्री शिकवण्या आटोपून स्कूटरवरून घरी येतानाचा रस्ता. हा कागद पाहून बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “दादा, हा कागद सगळ्यांनी आणला तर माझे निम्मे काम हलके होईल.”

मग त्यांनी एकेक वाट त्या कागदाशी ताडून दाखवली. तीन अंतरांचे भिंग घेतले तर वही, बोटे आणि चेहरे मिळतील. पण त्यातले जवळचे अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपासचे असते, म्हणजे बावीसवरचे पितळ हाती लागणार नाही, आणि रात्रीच्या रस्त्यावर कडी दिसतील ती वेगळीच. शिवाय माझे भिंग अजून स्वच्छ आहे आणि त्याचा थोडा लवचिकपणा शिल्लक आहे. ते काढले म्हणजे उरलेली पुंजीही गेली. एक डोळा जवळच्यासाठी बसवण्याचा मार्ग मात्र आधी वापरून पाहता येतो. कापाकापी न करता डोळ्यावर ठेवण्याचे मऊ भिंग एकाच डोळ्यात घालून आठवडाभर वावरावयाचे. पसंत पडले तर पुढचा विचार.

मी तो आठवडा काढला. हातांची त्रिकोणी खिडकी करून लांबचे घड्याळ पाहिल्यावर माझा भरवशाचा डोळा उजवा ठरला, तेव्हा भिंग डाव्यात गेले. पहिल्या दिवशी मी चहा कपाबाहेर ओतला आणि सौभाग्यवतींनी किटली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या घराच्या दगडी पायऱ्या उतरताना शेवटची पायरी एक बोट खाली गेल्यासारखी वाटली. दोन डोळे मिळून जी खोली मापतात ती काहीशी कमी झाली होती. पण तिसऱ्या दिवशी वर्गात वही उघडली आणि कोमलाच्या रेघा, मंद्राची टिंबे, सगळे स्वच्छ! नजर उचलली तर मागच्या रांगेतला जांभई देणारा मुलगाही स्वच्छ. त्या तासाला मी खरोखर दहा वर्षांनी लहान झालो. रात्री स्कूटरवर मात्र समोरच्या गाडीचा दिवा डाव्या डोळ्यात पसरे आणि मी घाबरून डावा डोळा मिटून घेई. सातव्या दिवशी अण्णांची डबी उघडली. टीचभर अंतरावर एकटा डावा डोळा पितळ धरू शकला नाही.

हाच मार्ग दुसऱ्याला वरदान ठरतो, हेही सांगितले पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका कीर्तनकारांनी पासष्टाव्या वर्षी मोतीबिंदू काढताना डॉक्टरांशी बोलून एक डोळा मुद्दाम जवळच्यासाठी ठेवून घेतला. आज ते चष्म्यावाचून पोथी वाचतात आणि सभामंडपाच्या टोकाला कोण उठून चालले आहे तेही पाहतात. त्यांचे आयुष्य त्या दोन अंतरांतच आहे. रात्री गाडी हाकावयाची नाही की पितळ घासावयाचे नाही. डोळे तसेच, शस्त्र तेच. माणूस कोठे पाहतो त्यावर निकाल निराळा.

माझा निकाल मी असा लावला आहे. आज शस्त्राच्या वाटेस जावयाचे नाही. वरून दूरचे, मधून मधले आणि खालून जवळचे दाखवणारा चष्मा केला आहे. वर्गात आता तो काढावा लागत नाही. सूर लावण्यासाठी त्या अंतराचा दुसरा एक चष्मा डबीतच ठेवला आहे. पुढे दहा-वीस वर्षांनी मोतीबिंदू येईल तेव्हा भिंग बदलावेच लागेल, आणि तोवर भिंगेही आणखी सुधारली असतील. निवड करावयाची ती त्या वेळी.

पण ज्यांच्या घरी ती वेळ आजच आली आहे त्यांना एवढेच विनवावेसे वाटते. आजीला, काकांना शस्त्रक्रियेला नेण्याआधी एक दिवस त्यांच्याजवळ बसा. त्या गहू कोठे निवडतात, पोथी किती लांब धरतात, सुई ओवतात काय, दूरदर्शन किती हातांवरून पाहतात, रात्री एकट्या बाहेर पडतात काय, हे मोजून लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. म्हातारी माणसे आपणहून सांगत नाहीत. त्यांना वाटते, डॉक्टरांना सगळे कळतेच.

अण्णांच्या वहीतल्या जयजयवंतीचे पान मी आता नवे उतरवून काढले आहे. गंधाराखालची रेघ लाल शाईने जाड केली आहे आणि ज्या मुलीने ती दाखवली तिच्याकडून ती पुन्हा एकदा तपासून घेतली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर माझी पाच अंतरेही लिहून ठेवली आहेत, पुढे कोणी विचारील तेव्हा सांगावयास. अक्षर मात्र मुंगीएवढे नाही, चांगले टपोरे काढले आहे.